ताईला सांगणार आहे

सातवा आठवडा. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत बाळ नव्हतंच.

फोडणीचा वास नको झालाय. मोहरी तडतडली की पोटात ढवळतं. आमसुलाचं सार तेवढं टिकतं. आईंनी काही विचारलं नाही, पण उशाशी कुरमुऱ्यांचा डबा ठेवायला लागल्यात. त्या न विचारण्यात केवढी माया आहे!

सोनोग्राफीत ते जेमतेम सेंटिमीटरभर दिसलं, ठोके मात्र मिनिटाला १३० च्या आसपास. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते. अनेकींना तेव्हा कुठे चाहूल लागत असते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं. हे मुलींना वेळेत कुणी का सांगत नाही?

तीन महिने कुणाला बोलू नको, असं सगळ्याच म्हणतात. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात, हे मलाही ठाऊक आहे. भीती वाटते. रात्री जास्तच. पण काही विपरीत घडलं, तर ते दुःखही एकटीनंच गिळायचं? मला नाही पटत. उद्या ताईला फोन करणार आहे.