अप्पांची सायकल

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सध्या तीन जुन्या सायकली आहेत. पप्पा त्या शेडला 'म्युझियम' म्हणतात, ममी सरळ 'भंगार' म्हणते. मंडळाच्या बैठकीला मी काळ्या नखांनी येते हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय. ते ग्रीस असतं. ते बघून एका मैत्रिणीने विचारलं, "तू साहित्याची विद्यार्थिनी ना? मग हे काय?" तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देते.

सुरुवात गरजेतून झाली. एफवायला असताना कॉलेजला यायला सायकल हवी होती आणि नवी गिअरची सायकल घ्यायची तर वीस हजारांच्या पुढची भाषा. एवढे पैसे मागायची हिंमत नव्हती. मग भंगारच्या दुकानातून एक काळी घोडा सायकल 500 रुपयांना उचलली. 28 इंची चाकं, रॉडचे ब्रेक, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. ती ढकलत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मामांच्या दुकानात नेली. मामांनी तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "ओव्हरऑइलिंग करायला दोन दिवस लागतील. शिकणार असलीस तर दोन आठवडे."

मी दोन आठवडेवाला पर्याय निवडला. तो अजून संपलेला नाही.

मामांच्या दुकानात मला पहिल्यांदा आवडली ती भाषा. सायकलच्या पुढच्या दोन पायांना 'चिमटा' म्हणतात. बेअरिंगचे छरे ज्यात बसतात ती 'वाटी', त्यांना दाबून धरतो तो 'कोन'. चाक डगमगत असेल तर ते 'आउट' झालेलं असतं आणि तो 'आउट काढायचा' असतो. तेही काम मी शिकले. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं आणि रिमजवळ खडू धरायचा. जिथे खडू लागतो तिथे रिम त्या बाजूला झुकलेली. मग तिथल्या विरुद्ध बाजूच्या तारा पाव पाव फेऱ्याने आवळायच्या. घाईने एकदम आवळल्या तर चाकाचा पापड होतो. माझा एकदा झालाय.

दुसरी सायकल लेडीज होती. ती आता माझी चुलत बहीण वापरते, फक्त रात्री ठेवायला आमची शेड. आणि तिसरी ही, जिच्याबद्दल खरं तर लिहायचंय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी भंगारवाल्याकडे पत्र्यांच्या ढिगातून एक हँडल बाहेर आलेलं दिसलं. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. रेसर! बाकीचा सांगाडा ओढून काढला. बारीक नळ्यांची फ्रेम, पुढे दोन चक्रं, मागे पाच, गिअरच्या काड्या खालच्या नळीवर. अंगावर कंपनीचं नाव कुठेच नाही. पुढच्या नळीवर जिथे बिल्ला असतो तिथे फक्त दोन भोकं. सगळ्या फ्रेमला कुणीतरी ब्रशने जाड काळा रंग फासलेला, अगदी नटबोल्टांवरसुद्धा. किलोच्या भावाने तिचे पाचशेही झाले नसते, पण माझे डोळे चमकलेले भंगारवाल्याने पाहिले आणि 900 सांगितले. मी दिले.

मामांना कंपनी विचारली. त्यांनी नळ्यांचे सांधे बोटाने चाचपले. आपल्याकडे सायकली करणाऱ्या मोठ्या कंपन्या तशा मोजक्याच. मद्रासची टीआय 1949 ची, हर्क्युलिस आणि बीएसए बनवणारी. सोनीपतची अॅटलस 1951 ची, लुधियानाची हिरो 1956 ची, शिवाय आसनसोलची सेन-रॅले. "यातलीच कुठली तरी असणार," मामा म्हणाले. "पण बिल्ला गेला की सायकल अनाथ."

पुढचे तीन आठवडे मी तिच्याशी झटले. सीटची दांडी गंजून नळीत अडकली होती. डिझेल सोडून चार दिवस थांबले तेव्हा हलली. क्रँक कॉटर पिनेवरची, त्या पिना हातोडीने ठोकून काढाव्या लागतात आणि ठोकताना वाकल्या की फुकट जातात. दोन्ही फुकट गेल्या. मग बीबीची उजवी वाटी. तासभर जोर लावला, पान्हा दोनदा निसटला, बोटाचं साल निघालं. मामा चहा पीत बघत होते. शेवटी म्हणाले, "अगं उलटं फिरव की! त्या बाजूला डावा आटा असतोय." डाव्या पेडलचंही तसंच. पाय मारता मारता आपोआप सुटू नये म्हणून हे उलटे आटे. "मग आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणे, "आता विसरशील काय?"

बीबीत दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छरे, मागच्या हबात नऊ-नऊ, पुढच्यात बारीक दहा-दहा. ते मी ममीच्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत वेगवेगळे ठेवले. नटबोल्ट व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवले की गंज सुटतो. त्यासाठी गोव्याहून मावशी आणते ते माडाचं व्हिनेगर अर्धी बाटली वापरलं. ते विंदालूसाठी राखलेलं होतं. त्या रविवारी आमच्याकडे विंदालू झाला नाही, आणि का झाला नाही ते ममीने आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. हँडलच्या क्रोमवरचा गंज मात्र स्वस्तात गेला. केक गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून घासला की चमक वर येते. करून बघा.

टायरने खरं रडवलं. या जुन्या रेसरला 27 इंची चाक असतं. हल्लीच्या रेसरला 700 नंबरचं, जे 27 पेक्षा मोठं वाटतं पण असतं लहान. टायर बसतो त्या ठिकाणी रिमचा व्यास जुन्याचा 630 मिलिमीटर, नव्याचा 622. आठ मिलिमीटरचा फरक, पण नवा टायर कितीही ओढला तरी चढत नाही. शेवटी एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली जोडी मिळाली.

आणि मग रंग.

काळा रंग इतका बेढब होता की तो काढायचा हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. स्प्रेचे दोन डबेही आणून ठेवले होते, लाल. एका शनिवारी दुपारी पॉलिशपेपर घेऊन बसले. खालच्या जाड नळीची डावी बाजू आधी घेतली. काळ्याखाली लाल निघाला, मला हवा होता तसाच. लालावर मध्येमध्ये पिवळं काहीतरी होतं. मला वाटलं प्रायमर असेल नाहीतर लांबी. जोर लावून सगळं घासून टाकलं, पत्रा लखलखीत होईपर्यंत. मग सायकल वळवली आणि उजव्या बाजूला पुढून सुरुवात केली. कानाला हेडफोन होते. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर हात थांबला, कारण त्या पिवळ्याला वळण होतं.

ते अक्षर होतं. कानडी 'प' आणि त्याच्या खाली लटकलेला दुसरा 'प'. प्प.

आपण बेळगावची मुलं, शाळेत कानडी शिकलेलो. ते वाचायला मला क्षणभरही लागला नाही. कुणीतरी पेंटरकडून आपलं नाव सायकलवर काढून घेतलं होतं, पिवळ्या ऑइलपेंटमध्ये, सुंदर वळणदार. त्यातलं शेवटचं जोडाक्षर उरलं होतं. आधीची सगळी अक्षरं माझ्या मांडीवर पिवळी पूड होऊन पडली होती.

मी तशीच मामांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "शर्यतीचा गडी असणार," म्हणाले. "नाव दोन्ही अंगाला काढतात हे लोक. दुसरीकडं बघ." मी काही बोलले नाही. दुसरीकडचं तर मी सगळ्यात आधी पुसलं होतं.

आपल्या पलीकडे विजापूर-बागलकोट पट्ट्यात सायकल शर्यतींची मोठी परंपरा आहे. तिकडची पोरं राष्ट्रीय स्पर्धांत उतरली, सायकलच्या जोरावर रेल्वेत नोकरीला लागली. बोरघाट चढून जाणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीचं नाव मामा अजून आदराने घेतात. म्हणजे माझ्या हातातली वस्तू नुसती जुनी सायकल नव्हती. कुणाची तरी उमेद होती, कदाचित घरच्यांनी काहीतरी विकून घेऊन दिलेली.

भंगारवाल्याला विचारलं. त्याला एवढंच आठवत होतं की बैलहोंगलच्या बाजूने टेम्पो आला होता, घर रिकामं केलेलं सामान होतं, पितळ आधीच दुसऱ्याने उचललेलं. पुढे काही नाही.

त्याच आठवड्यात वर्गात फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'वर तास होता. हे पुराण 1616 मध्ये छापलं गेलं, मग 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. 1907 ची मंगळूरची आवृत्ती निघाली ती हस्तलिखित नकलांवरून. सरांनी सहज एक वाक्य टाकलं: नक्कल करणारा दुष्ट नसतो, त्याला वाटतं मी सुधारतोय. एरवी मी ते वहीत उतरवून विसरले असते. त्या दिवशी वहीच बंद केली.

दोन नोव्हेंबर जवळ आला होता. त्याच्या आदल्या दिवसांत आम्ही सगळे सिमेट्रीत जातो, गवत काढतो, आजोबांच्या क्रूसाला पांढरा रंग देतो. नावाची अक्षरं काळ्या रंगाने पुन्हा गिरवायचं काम लहानपणापासून माझं. पावसाने दर वर्षी ती फिकट होतात, मी दर वर्षी ती ठळक करते. यंदा गिरवताना हात जरा जडच झाला. एका माणसाचं नाव मी वर्षानुवर्षं जपतेय आणि दुसऱ्याचं एका दुपारीत, गाणी ऐकत, खरवडून काढलं. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग उरलंय ते तरी नीट ठेव." एवढंच. समजूत घातली नाही, रागावलीही नाही.

घरी आल्यावर एक मोह झाला. पिवळ्या रंगाची छोटी डबी आणावी आणि नाव पूर्ण करावं. बसप्पा म्हणा, मल्लप्पा म्हणा, कुणाला कळणार आहे? मामा म्हणाले, "लिही की, शोभेल." पण ते नाव मी बनवलेलं असतं. खरं गेलं ते गेलंच, वर एक खोटं चढलं असतं. स्प्रेचे डबे अजून सील न तोडता पडून आहेत. जिथे मी पत्रा उघडा केला तिथे गंज चढू नये म्हणून, आणि त्या 'प्प'वर, फक्त पारदर्शक वार्निश मारलं, मामांच्याच डब्यातलं. बाकी मामांच्या सल्ल्याने काळा रंग तसाच ठेवला. सायकल आता अर्धी काळी, थोडी लाल, थोडी उघडी अशी दिसते. कबूल करते, सुंदर नाही दिसत.

हिशोब ज्यांना हवा त्यांच्यासाठी: सायकल 900, टायर-ट्यूब 1150, चेन 250, केबल आणि ब्रेक रबर 180, छरे-ग्रीस-कॉटर पिना 120, पॉलिशपेपर 60, मामांची मजुरी 200 (याहून जास्त घेईनात). एकूण 2860. न वापरलेले स्प्रेचे डबे 520, ते वेगळे.

चालवायला मात्र ती वाऱ्यासारखी आहे. खानापूर रोडला पहाटे काढली की कळतं, ही सायकल संथ चालण्यासाठी झालेलीच नाही. चहाच्या टपरीवर उभी केली की माणसं जवळ येतात आणि ते अक्षर वाचतात. एक जण म्हणाला निंगप्पा असणार, दुसरा म्हणाला कल्लप्पा. एका म्हाताऱ्या काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमच्या थोरल्याचं नाव शिवप्पा. पण त्याला सायकल येत नव्हती." आणि हसले. मराठी घरांतही अप्पा आहेत, कानडी घरांतही. ज्याला त्याला आपला आठवतो. आमच्या घरीही आता तिला सायकल म्हणत नाहीत. "अप्पांना आत घे, पाऊस येतोय," असं ममी म्हणते. व्हिनेगरचं ती विसरलेली नाही, तरी म्हणते.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हे. पुस्तकातलं एखादं पान फाटलं तर मला वाईट वाटायचं, पण ते दुसऱ्या कुणीतरी फाडलेलं असायचं. यावेळी हात माझाच होता. आता कुठलीही जुनी सायकल आली की मी आधी ओल्या फडक्याने पुसते, दोन्ही बाजूंनी बघते, फोटो काढते आणि मगच पान्हा हातात घेते.

शेवटी एक विनंती. बैलहोंगलच्या बाजूचं, घरात कुणी शर्यतीचा गडी असलेलं, लाल रेसरवर पिवळ्या अक्षरांत नाव काढून घेतलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर मला सांगा. कॉलेजच्या सायकल स्टँडवर, शेवटच्या खांबाला ती असते. येऊन बघा. नाव खात्रीचं निघालं तर पुढची अक्षरं मी पेंटरकडूनच काढून घेईन. माझं कानडी अक्षर तेवढं चांगलं नाही.