आतली धार, बाहेरची धार

आमच्या घरात हल्ली 'धार' हा शब्द विळीपेक्षा बुटांच्या बाबतीत जास्त ऐकू येतो. विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत राहून मुलीला बर्फावरचं स्केटिंग शिकवायचं म्हटल्यावर भारतातले नातेवाईक आधी हसतात, मग फी विचारतात, आणि मग हसायचे थांबतात! पण क्वीन्सटाउनहून गाडीत बसलं की पाचवं स्टेशन जुराँग ईस्ट. तिथल्या जेक्यूब मॉलमध्ये २०१२ पासून ऑलिंपिक मापाची रिंक होती. बाहेर घाम पुसत आणि पिशवीत स्वेटर घेऊन आमची वारी चालायची.

तर या धारेची भानगड अशी. स्केटच्या पात्याला तळाशी पन्हळ असते, म्हणून एका पात्याला दोन धारा. एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरची. फ्लिप आणि लुट्झ या दोन उड्या दिसायला जुळ्या बहिणी. दोन्हींत मागे सरकत यायचं, उजव्या बुटाचं टोक बर्फात रोवायचं आणि उडायचं. फरक एवढाच की त्या क्षणी डावा पाय फ्लिपला आतल्या धारेवर हवा आणि लुट्झला बाहेरच्या. बाहेरच्या धारेवर येताना शरीर एका दिशेने वळत असतं आणि गिरकी घ्यायची ती उलट दिशेला, म्हणून लुट्झ अवघड. ऑस्ट्रियाच्या आलॉइस लुट्झने ती १९१३ मध्ये पहिल्यांदा मारली म्हणतात. गंमत अशी की उडायच्या ऐन क्षणी पाऊल हळूच आत कलंडतं, आणि लुट्झ म्हणून सुरू झालेली उडी फ्लिप होऊन बसते. स्केटिंगवाले तिला 'फ्लट्झ' म्हणतात.

आता हिशेब बघा. तिहेरी लुट्झचे मूळ गुण ५.९०, तिहेरी फ्लिपचे ५.३०. धार चुकली असं तांत्रिक पंचांनी ठरवलं तर गुणपत्रकात 'ई' लागतो आणि मूळ गुण वीस टक्क्यांनी घटून ४.७२ होतात, म्हणजे साध्या फ्लिपपेक्षाही कमी. शिवाय उडीच्या दर्जाचे गुण पंच कापतात ते वेगळेच. धार संशयास्पद असेल तर नुसतं उद्गारचिन्ह लागतं. आणि नजरेतून सुटलीच, तर फ्लिप मारून लुट्झचे पूर्ण ५.९० खिशात! जपानच्या माओ असादाला या 'ई'ने वर्षानुवर्षं छळलं. जगज्जेती झालेल्या त्या मुलीने पुढे आपल्या उड्या मुळापासून पुन्हा घडवायला घेतल्या, याचं आम्हाला फार कौतुक आहे. उलट २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये रशियाच्या सोत्निकोवाने २२४.५९ गुणांनी कोरियाच्या किम यू-नाला (२१९.११) मागे टाकलं, तेव्हा तिच्या लुट्झच्या धारेकडे पंचांनी काणाडोळा केला असा आक्षेप जाणकारांनी घेतला. निकाल अर्थातच बदलला नाही. पंचांच्या मूल्यमापनाविरुद्ध तक्रारच करता येत नाही, बेरीज चुकली तरच करता येते!

तसे बदल झाले नाहीत असं नाही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत फ्रेंच पंचाचं प्रकरण गाजलं, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं, आणि त्यानंतर ६.० ची जुनी पद्धत गेली. पण नव्या पद्धतीत कोणत्या पंचाने किती गुण दिले हे २०१६ पर्यंत गुप्तच राहिलं. चोरी झाली म्हणून दिवे घालवण्यातला हा प्रकार!

हे सगळं आम्हाला इतकं पाठ का, तर आमच्या कन्येची लुट्झसुद्धा आत कलंडायची. कोचने सांगितलं, "लहान स्पर्धांत कुणी बघत नाही. पण सुधारायची तर आत्ताच." तिने सुधारायचं ठरवलं. दोन वर्षं गेली. गुडघे काळेनिळे झाले. गेल्या वर्षी एका स्पर्धेत तिने दुहेरी लुट्झ अगदी बाहेरच्या धारेवरून मारली, उतरताना जराशी डगमगली. दुसऱ्या दोघींच्या उड्या सरळसरळ आतल्या धारेवरच्या, पण उतरणं सफाईदार. तिथे रिप्ले नव्हता, कुणालाच 'ई' लागला नाही. आमची पाव गुणाने चौथी आली. दुहेरी लुट्झ आणि फ्लिप यांत फरकच मुळी ०.३० चा!

गाडीत ती काही बोलली नाही. कॉमनवेल्थ स्टेशन गेल्यावर म्हणाली, "मग मी दोन वर्षं कशाला केलं?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

सांगलीच्या आजींना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, कुस्तीतसुद्धा पाठ टेकली की नाही यावर डोकी फुटतात, तुझं तर पातं!" २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेने निकालावरून पंचालाच लाथ मारली होती, ते त्यांच्या डोक्यात ताजं होतं. लाथ कधीच समर्थनीय नाही. पण दुसऱ्या कोनातून पुन्हा बघा, ही मागणी आम्हाला अवाजवी वाटत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडला का, हे आता टीव्ही अंपायर बघतो. बर्फावर मात्र मोठ्या स्पर्धांतही पंच बहुधा एकाच कॅमेऱ्यावर विसंबतात, आणि बूट पाठमोरा असेल तर कोणती धार ते देवालाच ठाऊक. पंच लबाड असतात असं आमचं म्हणणं नाही. जे नीट दिसत नाही त्यावर वीस टक्के कापायचे असतील, तर दिसायची सोय आधी करा, एवढंच.

जेक्यूब ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाला. लहान रिंकवर लुट्झसाठी लागणारं लांब वळण पुरत नाही, त्यामुळे अडचण वाढलीच आहे. तरी कन्येने धार बदललेली नाही. आम्ही त्याबद्दल विचारलंही नाही. परवा वहीत नव्या कार्यक्रमाचा नकाशा काढून दाखवला. लुट्झ आता लांबच्या कोपऱ्यात नाही, पंचांच्या टेबलासमोर घेतली आहे.