शिरस्त्राणाची निवड

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत कोणतीहि वस्तु सहसा परीक्षा केल्यावांचून येत नाहीं. लुगडें घ्यावयाचें तर तें उजेडांत नेऊन त्याचा पोत पाहतात. पितळेचें पातेलें बोटानें वाजवून घेण्याची रीत आमच्या आजीपासून चालत आलेली आहे. आणि वर्षाचे तांदूळ भरण्यापूर्वीं त्यांतले मूठभर शिजवून पाहिल्याखेरीज पोतें घरांत घेत नाहींत. परंतु ज्या मस्तकास संस्कृतांत 'उत्तमांग', म्हणजे सर्व अवयवांत श्रेष्ठ, असें नांव आहे, त्याच्या रक्षणासाठीं लागणारें हेल्मेट मात्र रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगांतून, गाडीवरून न उतरतां, दोन मिनिटांत घेतलें जातें. त्या वेळीं कसोटी एकच असते: पुढच्या चौकांत उभ्या असलेल्या पोलिसाचें समाधान व्हावें.

हेल्मेटास आपल्याकडे 'शिरस्त्राण' हा जुना शब्द आहे. 'त्रै' या धातूचा अर्थ रक्षण करणें. शिराचें जें रक्षण करतें तें शिरस्त्राण. जें शिरावर आहे, परंतु प्रसंगीं रक्षण करणार नाहीं, तें शिरस्त्राण नव्हे. ती केवळ टोपी होय. जन्मभर शाळेंत समास सोडविण्यांत गेल्यामुळें हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, आणि हेल्मेटाच्या निवडींत तर सर्व भिस्त याच भेदावर आहे.

या विषयाकडे माझें लक्ष जाण्यास कारण असें घडलें कीं, आमच्या पुतण्याच्या मुलास नोकरी लागली आणि पहिल्या कांहीं महिन्यांच्या पगारांतून त्यानें मोटारसायकल घेण्याचें ठरविलें. घरांत गाडीच्या रंगावर आठ दिवस चर्चा झाली. हेल्मेटाचा विषय निघाला तेव्हां मात्र माझे ज्येष्ठ बंधू म्हणाले, "त्यांत काय निवडावयाचें? उन्हाळ्यांत डोकें उकडतें, मागचा भोंगा ऐकूं येत नाहीं, आणि मान दुखते ती वेगळीच." आमचें घर पुण्यांतलें. इ. स. २०१९ च्या आरंभीं येथें हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हां तिच्या निषेधांत जीं कारणें कानांवर आलीं, तींच दादांच्या मुखीं होतीं. थोरल्या भावाशीं वाद घालण्याची आमच्याकडे पद्धत नाहीं. तथापि पुरावा पुढें ठेवण्यास कोणाची हरकत नसते.

तो पुरावा असा. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें हॅरी हर्ट या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मोटारसायकलींच्या सुमारें नऊशें अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. हेल्मेटामुळें रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज ऐकूं येईनासे होतात किंवा बाजूचें दिसत नाहीं, असें त्यांस आढळलें नाहीं. आणि मानेच्या दुखापती हेल्मेट घालणाऱ्यांत अधिक नव्हे तर कमीच दिसल्या. पुढें २००८ सालीं अनेक देशांतील एकसष्ट अभ्यासांचा एकत्र विचार झाला. त्यांत हेल्मेटामुळें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो असा निष्कर्ष निघाला. राहतां राहिला उकाडा. तो खरा आहे, आणि म्हणूनच ज्याला वारा खेळण्यास नीट भोंकें आहेत तें हेल्मेट घ्यावें, एवढाच त्याचा अर्थ. दादांनीं हें सर्व ऐकून घेतलें व वर्तमानपत्र उघडलें. आमच्या घरीं ही संमतीची खूण समजतात.

हेल्मेटाचा इतिहासहि मोठा उद्बोधक आहे. अरबस्तानांतील युद्धामुळें प्रसिद्धीस आलेला टी. ई. लॉरेन्स हा १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत आपल्या घराजवळ मोटारसायकलीवरून जात असतां, सायकलींवरील दोन मुलांस वांचविण्यासाठीं त्यानें गाडी वळविली व तो फेंकला गेला. त्याच्या डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजीं तो वारला. त्याच्या उपचारांत ज्यांचा सल्ला घेण्यांत आला ते मेंदूचे शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांच्या मनांत हा प्रसंग राहिला. त्यांनीं लष्करांतील मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील निरोप्या स्वारांस हेल्मेट आवश्यक ठरलें. एका मनुष्याच्या मृत्यूचें दुःख नुसतें न करतां वैद्यानें त्यांतून पुढच्या हजारोंचें रक्षण काढलें.

आतां हेल्मेट रक्षण कसें करतें तें पाहूं. क्रिकेटमध्यें झेल घेणारा खेळाडू चेंडू हातीं येतांच हात मागें घेतो. त्यामुळें चेंडू थांबण्यास किंचित् अधिक अवधि मिळतो व हातास झणका बसत नाहीं. हेल्मेटाचें काम नेमकें हेंच आहे. बाहेरचें कठीण कवच आघात पसरवितें. परंतु खरें काम आंतील सुमारें इंचभर जाड, थर्मोकोलसारख्या थराचें. तो थर चेपतो, आणि चेपतां चेपतां डोक्यास थांबण्यासाठीं तेवढा क्षण मिळवून देतो. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ज्यांत हा थर नाहीं, नुसता स्पंज व कापड आहे, तें कितीहि जड व चकचकीत असलें तरी निरुपयोगी होय. दुसरी, एकदां चेपलेला थर पुनः फुगत नाहीं. म्हणून अपघातांत सांपडलेलें हेल्मेट बाहेरून अखंड दिसलें तरी टाकून द्यावें. दुसऱ्याचें जुनें हेल्मेट घेऊं नये, याचेंहि कारण हेंच. त्याचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक नसतो.

प्रकार मुख्यतः चार. पहिला, कानांच्या वरच संपणारा, वाडग्यासारखा; तो गवंड्याच्या टोपीचा भाऊ असून विचारांत घेण्याजोगा नाहीं. दुसरा, कान व मागचा भाग झांकणारा, पण तोंड उघडें ठेवणारा. तिसरा, हनुवटीसह सर्व मुख झांकणारा, ज्यास फुल-फेस म्हणतात. चौथा, हनुवटीचा भाग वर उचलतां येणारा. हा आमच्यासारख्या चष्मेवाल्यांस सोयीचा असतो. परंतु बिजागऱ्यांमुळें वजन थोडें वाढतें, आणि गाडी चालू असतां तो बंदच ठेवावा लागतो.

खरा प्रश्न दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत निवड करण्याचा असतो, आणि तरुणांस दुसरा आवडतो. येथें मला आमच्या मारुतीची आठवण होते. बालपणीं सूर्यास फळ समजून त्यानें झेप घेतली. इंद्रानें वज्र मारलें. तें लागलें हनूवर, म्हणजे जबड्यावर, आणि त्यावरूनच त्याचें हनुमान हें नांव पडलें. वेगानें जाणारा पुढें फेंकला गेला कीं जमिनीस प्रथम काय लागेल याचा नेम नसतो, आणि हनुवटी तर सर्वांच्या पुढें असते. माझा एक जुना विद्यार्थी, पाठांतराच्या स्पर्धांत ज्याचे उच्चार ऐकून परीक्षक माना डोलवीत, असाच उघड्या तोंडाचें हेल्मेट घालून जात होता. कुत्रें आडवें आलें. डोकें शाबूत राहिलें हें त्या हेल्मेटाचे उपकार. पण जबडा दोन ठिकाणीं मोडला, आणि दांत तारेनें बांधून कित्येक आठवडे त्यास पेजेवर राहावें लागलें. आज तो चांगला आहे. परंतु त्याचा 'स' पूर्वीसारखा उमटत नाहीं. मला भेटला कीं तो बोलतो कमी व हंसतो जास्त. आमच्या नातवास मीं ही हकीकत सांगितली व निवड त्याच्यावर सोपविली. त्यानें फुल-फेस घेतलें.

प्रकार ठरला तरी अर्धेंच काम झालें, उरलेलें मापाचें. शिंप्याची टेप भुंवयांच्या किंचित् वरून व मागच्या उंचवट्यावरून फिरवून घेर मोजावा. नातवाचा अठ्ठावन सेंटिमीटर भरला. पण घेर तोच असला तरी कोणाचें डोकें वाटोळें तर कोणाचें लांबट असतें. म्हणून हेल्मेट घालून दहापंधरा मिनिटें दुकानांतच बसावें. गाल चांगले दाबले गेले पाहिजेत, कपाळ व अस्तर यांत बोट शिरतां कामा नये, आणि हेल्मेट हातानें हलविलें असतां गालाची कातडीहि त्याबरोबर हललीच पाहिजे. कपाळावर एकाच ठिकाणीं दुखूं लागलें तर आकार चुकला असें समजावें. शेवटीं पट्टा लावून मागून वर ढकलून पाहावें. निघून आलें तर परत द्यावें. 'सैल आहे म्हणजे आरामाचें आहे' हें दुकानदाराचें शास्त्र. तें आपलें नव्हे. समोरची काच रात्रीसाठीं स्वच्छच असावी, काळी नसावी. आंत आय. एस. ४१५१ या मानकाचा शिक्का पाहावा. १ जून २०२१ पासून तो नसलेलें दुचाकीचें हेल्मेट विकण्यास आपल्या देशांत परवानगी नाहीं. खोटे शिक्केहि निघतात, याकरितां पावती देणाऱ्या दुकानांतूनच घ्यावें.

हें सर्व झाल्यावर मुख्य गोष्ट राहिली होती. पुतण्याची पत्नी रोज त्याच्या स्कूटरवर मागें बसून कचेरींत जाते. दुकानांत निघतांना तिलाहि चलण्यास सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "काका, मी तर मागेंच बसतें. माझ्यासाठीं नवें कशाला? तें जुनें आहे ना, तें चालेल." त्या जुन्याचें बक्कल तुटलेलें होतें. 'चालेल' हा शब्द आपल्या घरांतील स्त्रियांच्या तोंडून आपण फार ऐकतों. शिळी पोळी चालेल, खालची आमटी चालेल, फाटकी छत्री चालेल. परंतु रस्त्यास पुढचा-मागचा कळत नाहीं. मागें बसणारा त्याच वेगानें जात असतो, त्याच वेगानें पडतो, आणि त्याच्या हातांत धरावयास काय असतें तर पुढच्याचा खांदा! मोटारवाहन कायद्याचें १२९ वें कलमहि हाच न्याय लावतें. चालविणारा व मागें बसणारा, चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट आवश्यक आहे. तिला मीं एवढेंच म्हटलें, "सूनबाई, तुझ्या डोक्याचें माप आज घेतल्याशिवाय मी दुकानाबाहेर पडणार नाहीं." ती आली. अंबाड्यामुळें हेल्मेट वर उचललें जातें असें तेथें आढळलें, तेव्हांपासून ती कचेरींत जातांना सैल वेणी मानेपाशीं खालीं घालते व अंबाडा तिकडे गेल्यावर बांधते.

वाचकांस माझी विनंति एवढीच आहे कीं, येत्या रविवारीं घरांतील सर्व हेल्मेटें एकदां खालीं काढावीं. थर चेपला आहे काय, पट्टा शाबूत आहे काय, प्रत्येक डोक्याच्या मापाचें एकेक आहे काय, हें पाहावें. आणि पाहणी मागें बसणाऱ्यांपासून सुरू करावी. पुढें बसणाऱ्याची काळजी करणारे घरांत पुष्कळ असतात.