फुटीनंतरच्या वाटा

१९०८ साली हुबळीत सतरा वर्षांच्या एका गायक नटाने स्वतःची नाटक मंडळी काढली. त्याचं नाव केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, लहानपण ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत गेलं. तिथे ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत हा पोरगा असा गाजला, की मंडळीचा गल्ला त्याच्या गळ्यावर चालू लागला. मालकी मात्र दुसऱ्याची. अखेर तो बाहेर पडला आणि हुबळीत ‘ललितकलादर्श’ उभी राहिली. पाच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ‘किर्लोस्कर’ मंडळी सोडून निघाले. त्यातून ‘गंधर्व’ झाली. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथांनीही किर्लोस्करांचा निरोप घेतला, त्यांची ‘बळवंत’. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाने ही मूळ मंडळी चालली ते गुर्लहोसूरचे, म्हणजे धारवाडकरांच्या दृष्टीने शेजारचेच.

मंडळी फुटली म्हटलं की लोकांना भांडणं आठवतात. कोण कोणाला काय बोललं, हिशेबात कोणी हात मारला, कोण रात्रीच्या गाडीने निघून गेला. त्या गोष्टी रंगतात, पण त्यांतून फारसं काही कळत नाही. फुटीनंतर तुकडे कुठे जाऊन पडले, हे बघायला हवं. नाटक मंडळ्यांचे तुकडे मराठी नाटक बघणाऱ्या मुलखातच पडले आणि रुजले. हुबळी, बेळगाव, सोलापूर, अमरावती अशी तिकीट काढून रात्र जागवणारी गावं होती. एका मंडळीच्या दोन झाल्या तरी दोघींचं पोट भरत होतं.

धारवाडात तबला शिकवणाऱ्या माणसाने याच न्यायाने अमेरिकेतल्या ग्रंज बँडकडे बघावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गावं बदलतात, हिशेब तोच राहतो.

सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं पावसाळी शहर. विमानं बनवणाऱ्या बोइंगमुळे माहीत असलेलं. नामांकित बँडचे दौरे बहुतेकदा कॅलिफोर्नियातूनच परतायचे, इतक्या वर कोण चढणार? १९८४ मध्ये तिथे ‘ग्रीन रिव्हर’ नावाचा बँड जमला. गायक मार्क आर्म, गिटारवर स्टीव्ह टर्नर आणि स्टोन गॉसार्ड, बेसवर जेफ अमेंट. पंकची घाई आणि ब्लॅक सब्बाथची जड, रेंगाळती चाल या दोन गोष्टींचं एरवी जमत नाही; या पोरांनी त्यांचा संसार लावून दिला. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, गाणं ओरडल्यासारखं, कपडे थंडीत लाकूडतोड्या घालेल तसे. ‘सब पॉप’ ही स्थानिक छोटी कंपनी १९८७ मध्ये त्यांची ‘ड्राय ॲज अ बोन’ ही रेकॉर्ड विकत असताना जाहिरातीत ‘ग्रंज’ हा शब्द वापरू लागली, आणि पुढे तो साऱ्या शहराला चिकटला.

त्याच वर्षी बँड फुटला. टर्नर आधीच बाहेर पडला होता. अमेंट आणि गॉसार्डला मोठ्या कंपनीचा करार हवा होता, आर्मला त्या वाटेचीच चीड. लॉस एंजेलिसच्या एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या यादीत मित्रांऐवजी रेकॉर्ड कंपन्यांची माणसं घातली गेली, आणि त्यांतली बहुतेक फिरकलीच नाहीत. मित्र बाहेर, खुर्च्या रिकाम्या. ३१ ऑक्टोबर १९८७ ला कारभार आटोपला.

आता तुकडे बघा. आर्म आणि टर्नर पुन्हा एकत्र आले, त्यांचा ‘मडहनी’ झाला. अमेंट आणि गॉसार्डने अँड्र्यू वुड या गायकाबरोबर ‘मदर लव्ह बोन’ काढला. पहिला पूर्ण अल्बम बाजारात येण्याआधीच, मार्च १९९० मध्ये, वुड हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. राहिलेल्या दोघांनी एडी व्हेडरला बोलावलं आणि ‘पर्ल जॅम’ उभा राहिला. एका बँडच्या पोटी दोन टिकाऊ बँड. किर्लोस्करांच्या घराचीच कथा ही, फक्त मखमली पडदे नाहीत.

सिएटलमध्येच, १९८४ मध्येच, ‘साउंडगार्डन’ सुरू झाला. माझ्या धंद्याच्या माणसाने त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावं असा हा बँड. गिटारवादक किम थायिलचे आईवडील केरळचे. तो आणि पहिला बेसवादक हिरो यामामोटो शिकागोच्या बाजूने सिएटलला आलेले. गायक ख्रिस कॉर्नेल तिथलाच. गिटारची सर्वांत जाड तार ते एक स्वर खाली उतरवत. त्यामुळे खर्ज असा गडगडतो की छातीत कळतो. आणि लय? रॉक म्हटला की चार मात्रा, असा आपला समज. साउंडगार्डनचं ‘स्पूनमॅन’ ७ मात्रांत आहे, ‘माय वेव्ह’ बरंचसं ५ मात्रांत, ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ ६ मात्रांत. सिएटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणारा आर्टिस नावाचा कलावंत ‘स्पूनमॅन’मध्ये खरोखर चमचे वाजवतो.

या सात मात्रा आणि आपला रूपक ताल यांत मोठा फरक आहे. रूपकाची सम ‘खाली’वर येते. पहिल्या मात्रेला तबला हलका होतो आणि वजन चौथ्या मात्रेकडे सरकतं. साउंडगार्डनमध्ये मॅट कॅमरून पहिल्या मात्रेवर ड्रम असा हाणतो की चुकूच नये. तरीही ऐकणाऱ्याला काहीतरी एक पाऊल कमी पडल्यासारखं वाटत राहतं, कारण कान आठव्या मात्रेची वाट बघतो आणि ती येतच नाही. थायिलने मुलाखतींत सांगितलंय की गाणं बांधताना ते मात्रा मोजत नसत. गाणं झाल्यावर मोजलं की कळायचं, हे सातात आहे. आमच्या वर्गात असं कोणी म्हणालं तर आधी टाळी धरायला लावतील. पण गाणी ऐकल्यावर मला त्याचं म्हणणं पटतं. ती मोजून बसवलेली वाटत नाहीत.

मार्च १९९४ मध्ये आलेला त्यांचा ‘सुपरअननोन’ हा अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले. यशाबरोबर दौरे, करार, व्यवस्थापक आणि कंपनीच्या मागण्या आल्या. ९ फेब्रुवारी १९९७ ला होनोलुलूच्या कार्यक्रमात नंतरचा बेसवादक बेन शेपर्ड याचं सामान बिघडलं. त्याने बेस भिरकावला आणि मंचावरून निघून गेला. ९ एप्रिलला बँड संपल्याचं जाहीर झालं. कॅमरून १९९८ मध्ये पर्ल जॅमला मिळाला, कॉर्नेल काही वर्षांनी ‘ऑडिओस्लेव्ह’मध्ये गाऊ लागला. पुन्हा तेच, तुकडे पडले आणि लगेच कुठेतरी बसले.

मुंबईतही १९८४ मध्येच एक बँड जमला होता, ‘रॉक मशीन’. त्यात महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, मार्क मेनेझिस ड्रमवर. पुढे उदय बेनेगल गायला आणि झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आला. हा ग्रंज नव्हे, त्याआधीचा सरळ हार्ड रॉक. पण अग्रदूतपणाचा मान त्यांचाच. त्या काळी इथले बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या मिळवत. हेही सुरुवातीला तेच करत. मग स्वतःची गाणी घेऊन १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ काढण्याची हिंमत त्यांनी केली. परदेशी गिटारवर आयात शुल्क भरताना घाम फुटायचा तो काळ. धोबी तलावच्या रंगभवनात मोकळ्या आकाशाखाली रॉकचे कार्यक्रम व्हायचे, तो त्यांचा गड. हे रंगभवनही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे संगीताला मुकलं.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आला आणि आता यांचे दिवस आले असं वाटलं. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओने एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळवला. १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ नावाचा अल्बम आला. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ घराघरांत वाजत होतं. वाहिन्या चालवणाऱ्यांना आणि कॅसेट कंपन्यांना हिंदी पॉपमध्ये पैसा दिसला. इंग्रजीत स्वतःचं गाणं लिहिणाऱ्या बँडला दाद देणारे होते, पोसणारे नव्हते. महाविद्यालयांचे महोत्सव आणि प्रायोजकांचे मोजके कार्यक्रम यांवर पाच-सहा माणसांचे संसार किती वर्षं चालणार? १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. साउंडगार्डनचं वर्षही तेच.

पण इथले तुकडे कुठे गेले? बेनेगल आणि जयेश गांधी थेट न्यूयॉर्कला. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा बँड केला. मुंबईत त्यांच्या फुटीतून मडहनी झाला नाही की पर्ल जॅमही झाला नाही. आठ-दहा शहरांत तिकीट काढून इंग्रजी रॉक ऐकणारा वर्ग असता, तर एका इंडस क्रीडचे दोन झाले असते. दोष वादकांच्या स्वभावात शोधणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

हुबळी-धारवाडात तर त्याहून सोपा हिशेब. इथल्या महाविद्यालयांत गिटार आणि ड्रम घेऊन मुलं जमतात, संमेलनात वाजवतात, आणि आठव्या सेमिस्टरला फुटतात. एकाला बेंगळुरूत नोकरी, दुसऱ्याला पुण्यात. भांडायला सवड तरी कुठे मिळते?

२०१० मध्ये साउंडगार्डन आणि इंडस क्रीड हे दोन्ही बँड पुन्हा एकत्र आले, आणि २०१२ मध्ये दोघांचेही नवे अल्बम निघाले: साउंडगार्डनचा ‘किंग ॲनिमल’, इंडस क्रीडचा ‘इव्हॉल्व्ह’. इंडस क्रीडमध्ये तोवर बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे पुढच्या पिढीचे वादक आले होते. साउंडगार्डनची दुसरी खेळी १८ मे २०१७ ला, कॉर्नेलच्या मृत्यूने संपली.

ग्रीन रिव्हरची मंडळीही २००८ मध्ये सब पॉपच्या विसाव्या वाढदिवसाला एका मंचावर आली होती. अमेंट आणि गॉसार्ड तोवर जगभर मोठमोठी मैदानं भरवत होते. आर्मचं मात्र मडहनीवर भागत नव्हतं. दौरे नसतील तेव्हा तो सब पॉपच्या गोदामात रेकॉर्डची खोकी रवाना करण्याची नोकरी करत होता.