नाईट वॉचमन

राजौरीच्या पोस्टिंगमधली गोष्ट. डिसेंबरची थंडी, रात्री दोन ते चारची संत्री ड्यूटी. साताऱ्याचा एक पोरगा सलग तिसऱ्या रात्री त्याच वेळेला उभा होता. मी राउंडवर गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, रोज मलाच का?"

पहाटे पेट्रोलिंगला जाणाऱ्यांना झोप मिळावी म्हणून रोस्टर मीच तसा लावला होता. पोरगा क्रिकेटवेडा, म्हणून त्याच्याच भाषेत सांगितलं, "नाईट वॉचमन ठाऊक आहे ना? दिवसाचा खेळ संपत आला आणि विकेट पडली, की चांगल्या फलंदाजाला राखून ठेवतात, खालच्या नंबरवाल्याला पॅड बांधून पाठवतात. धावा नकोत, फक्त टिकायचं. किरमाणी १९७९ साली वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध असाच आला आणि १०१ वर नाबाद राहिला."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "पण साहेब, तिथं वॉचमन आउट झाला तर पॅव्हेलियनमध्ये जातो. इथं?"

मला उत्तर सुचलं नाही. क्रिकेटनं हा शब्द पहारेकऱ्याकडूनच उसना घेतला. मी तो परत आणला, पण त्यातली जोखीम मैदानावरच विसरून आलो होतो.

चार वाजेपर्यंत मी त्याच्याजवळच थांबलो. सकाळी रोस्टर बदलला आणि पाळीत माझंही नाव घातलं.

आजही कॉमेंट्रीत 'नाईट वॉचमन' ऐकलं की स्कोअरच्या आधी तो पोरगा आठवतो.