पाक, साफ आणि मंजूर

पाणीपुरवठ्याचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात मी एकतीस वर्षे अनुरेखक म्हणून नोकरी केली. अनुरेखक म्हणजे काय, हे नव्या पिढीला आता सांगावे लागते. अभियंता पेन्सिलीने नकाशा काढायचा, आम्ही तो ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचो आणि मग अमोनियाच्या यंत्रातून त्याच्या प्रती निघायच्या. त्या अमोनियाचा वास ओढणीला लागायचा. घरी आल्यावर अम्मी म्हणायची, ‘आधी कपडे बदल, मग स्वयंपाकघरात ये.’ आमच्या मोहल्ल्यातून सरकारी नोकरीला जाणारी मी पहिलीच मुलगी. मी नक्की काय करते, हे शेजारणींना कधी नीट कळले नाही. ‘पानी का नक्शा निकालती,’ एवढेच त्या सांगायच्या. ते काही चूक नव्हते.

जलशुद्धीकरण केंद्राचा नकाशा काढायला मला मनापासून आवडायचा. पायऱ्या-पायऱ्यांवरून पाणी खाली येते, तिथे त्याला हवा लागते. पुढे त्यात तुरटीचे द्रावण पडते आणि जोराने ढवळले जाते. मग एका मोठ्या गोल टाकीत पाणी संथ फिरते. तुरटीमुळे गाळाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. आमची नानी माठात तुरटी फिरवून पाणी निवळायची आणि मग ते दुहेरी कापडातून गाळायची. कोट्यवधींच्या केंद्रातही मूळ रीत तीच. फरक एवढाच, की इथे प्रत्येक गोष्टीचे माप ठरलेले असते.

माप ठरवायची सुरुवात मात्र पाण्यापासून होत नाही, माणसांपासून होते. नगर परिषदेच्या हद्दीत आज किती लोक राहतात आणि पंधरा किंवा तीस वर्षांनी किती असतील, हे आधी मांडावे लागते. माझ्या नोकरीच्या काळातल्या नियमानुसार शुद्धीकरण केंद्र पंधरा वर्षांच्या वाढीसाठी आणि जलवाहिन्या तीस वर्षांसाठी धरत. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचे, त्यात गळती मिळवायची आणि त्यावरून केंद्राचा आकार काढायचा. म्हणजे पहिल्या पानावर जो मोजला गेला नाही, त्याच्या वाट्याचे पाणी शेवटच्या पानापर्यंत कुठेच येत नाही.

त्यानंतर कागदांचा प्रवास सुरू होतो. धरणातले पाणी राखून ठेवण्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी, जागेचा ताबा, सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, मंत्रालयातून प्रशासकीय मान्यता, नगर परिषदेचा स्वहिस्सा, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. तोवर दरसूची बदलते. सिमेंट-लोखंड महागते, अंदाजपत्रक अपुरे पडते आणि ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ नावाचा नवा प्रवास सुरू होतो. या सगळ्याला लोक लालफीत म्हणतात, पण मी तसे म्हणणार नाही. प्रत्येक सहीमागे काहीतरी तपासलेले असते, निदान असायला हवे. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला एका गावाने शिकवली.

त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. तालुक्याचे गाव, मधून नाला वाहणारे. माझी थोरली आपा तिथे दिली होती. त्या गावाचे शुद्धीकरण केंद्र मंजुरीला गेले, तेव्हा त्याचे नकाशे माझ्याच टेबलावर आले. आपाच्या गावचे काम म्हणून मी ते जरा जास्तच निगुतीने काढले. पहिल्या चौदा पानांवर केंद्र, पंपघर आणि उंच टाकी होती. पुढच्या पानांवर गावातल्या वितरण नळ्या होत्या आणि त्या पानांच्या कोपऱ्यात साहेबांनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘दुसरा टप्पा’. पैसा पुरणार नव्हता, म्हणून कामाचे दोन भाग केले होते. पहिला टप्पा मंजूर झाला, बांधला गेला. उद्घाटनाला मंडप पडला, पेढे वाटले गेले. मीही गेले होते. काचेच्या पेल्यात केंद्राचे पाणी घेऊन आपा मला म्हणाली, ‘तेरे नक्शे का पानी है, पी.’

दुसरा टप्पा वर्षानुवर्षे फायलीतच राहिला. केंद्रातून निघालेले पाणी जुन्याच नळ्यांतून गावभर जायचे आणि आपाच्या मोहल्ल्याची नळी त्या नाल्यातून गेलेली होती. पाणी चार दिवसांनी एकदा, तेही पाऊण तास. एका पावसाळ्यात मोहल्ल्यात कावीळ आली. बहुतेक लोक उठून बसले. आपाची मुलगी सात महिन्यांची गरोदर होती, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. पाचव्या दिवशी ती गेली. बाळही गेले.

मातीनंतर मी केंद्रावर गेले. तिथल्या केमिस्टने नोंदवही समोर ठेवली. गढूळपणा मर्यादेत, क्लोरीन बरोबर, रोजच्या रोज सही. त्यात काही खोटे नव्हते, केंद्रातून निघणारे पाणी चांगलेच होते. आपाच्या घरातल्या पाण्याची तपासणी केली, तर ओटी चाचणीत पिवळा रंग अजिबात आला नाही. म्हणजे क्लोरीनचा मागमूस नव्हता. दिसायला मात्र पाणी स्वच्छ होते. आपा सारखी एकच गोष्ट म्हणत होती, ‘दिखने को तो साफ दिखता था.’

नळीचे गणित साधे आहे. ती पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असेल, तर फटीतून पाणी बाहेर गळते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले की दाब जातो, नळी रिकामी होते आणि त्याच फटीतून नाल्याचे पाणी आत ओढले जाते. लोकांनी नळाला मोटार लावली तर आणखी जोराने ओढले जाते. म्हणून चार-चार दिवसांनी येणारे पाणी केंद्रात कितीही शुद्ध केले, तरी घरात ते शुद्ध पोहोचेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय चार दिवसांचे पाणी पिंपात साठवावे लागते आणि साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा नियम आहे. नियम टोकाचा आहे. आपली मंजुरी मात्र उगमाशी थांबते.

हे एका गावाचे दुखणे नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले. महापालिकेत नव्याने आलेल्या तिथल्या गावांना विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन टाकून दिले जात होते, गाळून शुद्ध करणारे केंद्र नव्हते, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आली. गावे हद्दीत घेण्याचा कागद आधी निघतो, त्यांच्या पाण्याचा मागाहून.

आपल्या घरांत पाण्याचा विचार ‘पाक’ या शब्दाने सुरू होतो. वुजूचे पाणी, हौदाचे पाणी, वाहते पाणी यांचे मसले आपण लहानपणीच शिकतो. रंग, वास आणि चव बदलली नसेल तर वाहते किंवा मोठ्या हौदाचे पाणी पाक, हे आपल्याला ठाऊक असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही रंग, वास, चव या गोष्टी आहेतच. पण मानक तिथे थांबत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचीही ते तपासणी मागते. जे पाणी वुजूला पाक आहे, ते पिण्याला साफ असेलच असे नाही, एवढी गोष्ट जुम्याच्या दिवशी मशिदीतून कोणी समजावून सांगितली, तर किती घरे वाचतील! हा दीनचा वाद नव्हे. दोन शब्दांची दोन कामे आहेत, इतकेच.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे औरंगाबादला राहायला आले. 2023 पासून शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नाव कोणतेही घ्या, हे शहर पाण्याच्या आराखड्यावरच उभे राहिले. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि डोंगराकडचे झिरपे गोळा करून जमिनीखालून नहर आणली. ठरावीक उतार, ठिकठिकाणी दाब सांभाळणारे मनोरे आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठेवलेली तोंडे. या कामाची दरबारात थट्टा झाली होती, अशी आख्यायिका इथे सांगतात. म्हणजे मंजुरीची अडचण तेव्हाही होती! पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. मी अनुरेखकाच्या नजरेने नहरीची ती तोंडे पाहते, तेव्हा मला बांधणाऱ्यापेक्षा साफ करणारा माणूस दिसतो. बांधतानाच त्याच्यासाठी जागा ठेवली होती. नंतर घरे आणि रस्ते वर चढले, तोंडे बुजली आणि नहर तुकड्या-तुकड्यांनी मेली.

आता शहर पैठणच्या नाथसागरावर जगते. धरण खाली, शहर वर, त्यामुळे पाणी पंपांनी चढवावे लागते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11 लाख 75 हजार होती. माणशी 135 लिटर धरले तर गळती सोडून दिवसाला जवळजवळ 16 कोटी लिटर पाणी लागते, आणि त्यानंतर शहर कितीतरी वाढले. 2014 मध्ये पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे गेला, 2016 मध्ये तो करार रद्द झाला. मग 1,680 कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली आणि डिसेंबर 2020 मध्ये तिचे भूमिपूजन झाले. 2,500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, नक्षत्रवाडीला दिवसाला 392 दशलक्ष लिटरचे शुद्धीकरण केंद्र, पन्नासहून अधिक जलकुंभ. नाथसागर हे पक्ष्यांचे अभयारण्य, म्हणून पाण्यात उपसा विहीर बांधायला वन्यजीव खात्याचीही परवानगी लागली. पुढे अमृत 2.0 मध्ये खर्च 2,740 कोटींवर गेला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला जनहित याचिकेत या कामावर लक्ष ठेवावे लागले. या काळात शहराच्या अनेक भागांत आठवड्यातून एकदा नळ आला आणि गुंठेवारीच्या कितीतरी वस्त्या टँकरवर राहिल्या.

मोहल्ल्यातली काही मुले एका संध्याकाळी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आली. ‘खाला, एवढे मोठे केंद्र झाले की आपले पाणी चांगले होईल ना?’ मी त्यांना म्हटले, केंद्राचे चित्र पाहू नका, वितरणाचा नकाशा मागा. माहितीच्या अधिकारात तो मिळतो. मग त्यात चार गोष्टी पाहा. आपली गल्ली नकाशावर आहे का? तिची नळी बदलायची आहे का, आणि ती गटारापासून किती लांब आहे? किती तास पाणी देण्याचे धरले आहे? आणि देखभालीचा पैसा दरवर्षी कुठून येणार, हे लिहिले आहे का? एक मुलगा म्हणाला, ‘हे तर इंजिनिअरचे काम आहे.’ मी म्हटले, ‘नकाशा वाचणे हे पाणी पिणाऱ्याचेही काम आहे. मंजुरीपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला खोडरबर पुरते. मंजुरीनंतर विचारलेल्या प्रश्नाला सुधारित अंदाजपत्रक लागते. कावीळ झाल्यावर विचारला तर कबरस्तानची वाट.’

2024 मध्ये केंद्र सरकारने पाणीपुरवठ्याची नियमपुस्तिका सुधारली. तिचा सगळा रोख चोवीस तास भरलेल्या नळ्यांवर आणि थेट नळाखाली पेला धरून पिता येईल अशा पाण्यावर आहे. हे वाचून मला बरे वाटले. आमच्या कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या ‘दुसऱ्या टप्प्या’ला अखेर पहिल्या पानावर जागा मिळाली. पुस्तिकेतून ती गावोगावच्या ठरावांत उतरायला वेळ लागेल. तोवर पाणी उकळून पिणे आपल्या हातात आहे, आणि नकाशा मागणेही. ती मुले आता आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतात. पाच गल्ल्यांचा नकाशा त्यांनी स्वतः पावले मोजून काढला आहे. रेषा वाकड्या आहेत, माप अंदाजे आहे, पण नाला कुठे आणि नळी कुठे, हे त्यात अचूक दाखवलेले आहे.