श्रावण संपल्यावर

१८ ऑगस्ट, सोमवार

श्रावणात आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या बऱ्याच खाटा रिकाम्या राहतात. गटारी होते आणि दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातले कितीतरी पिणारे दारूला शिवत नाहीत. घरच्यांना वाटतं, चला, सुटली. मग भरती कशाला करायचं?

आज एक दूधवाले बायकोच्या आग्रहावरून नुसतं बोलायला आले. पन्नाशीच्या आतले, दाढी केलेली, कपाळाला भस्म. "ताई, मी आख्खा श्रावण पाळतो. ज्याला महिनाभर सोडता येते त्याला व्यसन कसलं?" हे ते मला फसवायला म्हणत नव्हते, त्यांचा त्यावर खरोखर विश्वास आहे. मी वाद घातला नाही. वाद घातला की माणूस आपल्या पिण्याची बाजू मांडायला लागतो आणि मांडता मांडता ती त्यालाच पटत जाते. एवढंच विचारलं, "पोळ्याच्या रात्रीचं काय ठरलंय?" ते गप्प झाले. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "बाटली आणून ठेवलीय यांनी. कडब्याखाली."

महिनाभर घशाखाली थेंब नाही, पण कडब्याखालची बाटली रोज डोक्यात. या माणसाकडे निग्रह नाही असं कोण म्हणेल? भरपूर आहे. त्याची शेवटची तारीख ठरलेली आहे, म्हणून तो टिकतो. पोळ्यानंतरच्या संध्याकाळी काय करायचं, हे मात्र त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नव्हतं.

१९ ऑगस्ट

पहाटे एका तरुणाला चौघांनी धरून आणलं. रोज सकाळी उठल्यापासून पिणारा. गोकुळाष्टमीला आईने शपथ घातली म्हणून एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले, मेलेल्या आजोबांशी तो बोलू लागला, अंग तापलं. घरच्यांना वाटलं, बाहेरची बाधा. आधी देवऋषाकडे नेलं आणि त्यात मोलाचे तास गेले. आम्ही त्याला इथे न ठेवता लगेच रुग्णालयात पाठवलं. संध्याकाळी कळलं, शामक औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली आहेत, अजून बरळतो आहे.

दारू मेंदूला सतत दाबून ठेवते. तोल राखायला मेंदू आपली उत्तेजना वाढवत नेतो. दारू अचानक थांबली की दाब जातो आणि ती वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होतो. यात माणूस दगावूही शकतो. गावोगावच्या पारावर पाटी लावावीशी वाटते: रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात सोडायला लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या. त्या आईने मुलावरच्या मायेपोटीच शपथ घातली होती. तिला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

२२ ऑगस्ट, पोळा

दुपारी पुरणपोळी झाली, बैलांचं चित्र काढून भिंतीला लावलं. दिवस बरा गेला. सहा वाजले तशी वॉर्डातली माणसं उठबस करू लागली. बाहेर वाजंत्री, लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज. एक जण म्हणाला, "ताई, तोंडाला पाणी सुटलंय, आणि मला तर प्यायचीच नाहीये."

हे वाक्य मी आज शब्दशः लिहून ठेवते आहे, कारण व्यसनाचं मानसशास्त्र यात जवळजवळ सगळं आलं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर प्रयोग केले होते. रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी चेततात. पण रसाआधी दर वेळी एखादी खूण दाखवत गेलं, की काही दिवसांनी त्या पेशी रसाला सोडून खुणेलाच प्रतिसाद देतात. आणि खूण दिसूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जातं. त्या खालच्या पातळीला आपण तलफ म्हणतो, असं मला वाटतं. घुंगरू, संध्याकाळ, पगाराचा दिवस, तळलेल्या शेंगदाण्यांचा वास, या सगळ्या खुणा आहेत. माणसाने काय ठरवलं आहे, हे त्या विचारत नाहीत.

रात्री साडेनऊला वहिनींचा फोन. कडब्याखालची बाटली निघाली.

२५ ऑगस्ट

एका वहिनींनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "जेवणात कालवून द्यायची गोळी आहे ना तुमच्याकडे?" महिन्यातून कोणी ना कोणी विचारतंच. डायसल्फिराम हे ते औषध. १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये त्याचा दारूशी असलेला संबंध लक्षात आला. शरीरात दारूचं विघटन होताना तयार होणारा एक विषारी पदार्थ या गोळीमुळे पुढे मोडला जात नाही, तो साठतो. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याने स्वतः समजून-उमजून घेतली आहे, तपासण्या झाल्या आहेत, त्याला ही गोळी उत्तम आधार देते. रोज सकाळी एकदा घेतली की दिवसभरातल्या शंभर मोहांचा निकाल लागतो. पण न सांगता दिली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय कधीतरी त्याला कळतंच, आणि मग घरच्या ताटावरचा त्याचा विश्वास उडतो.

त्या रडल्या. "मग मी काय करू?" त्यांना बायकांच्या गटात येण्याचं सुचवलं. नवरा आला नाही तरी चालेल.

२९ ऑगस्ट

आज मुक्तांगणचा वर्धापनदिन. १९८६ साली याच तारखेला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला ते केंद्र सुरू केलं. गर्दच्या विळख्यातल्या तरुणांवरचे अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले होते. व्यसनाला आजार म्हणायचं आणि व्यसनी माणसाशी माणसासारखं बोलायचं, हे मराठी घरांपर्यंत पोहोचवण्यात त्या केंद्राचा फार मोठा वाटा आहे. मी आज जे काम करते, त्यावर त्यांचं ऋण आहे.

४ सप्टेंबर

आमच्याकडे येणारे एक कंडक्टर आले. वर्षभराहून जास्त काळ एक थेंब नाही, नव्या रुग्णांना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगला घेऊन जाणारा आमचा खंदा माणूस. पोळ्याला साडूच्या शेतात एक क्वार्टर घेतली. त्यानंतर आजपर्यंत तोंड दाखवलं नव्हतं, फोन उचलला नव्हता. मधले सगळे दिवस पीत होते.

"एकाच क्वार्टरवर थांबला असता तर?" मी विचारलं.

"थांबायचं कशासाठी ताई? सगळं गेलंच होतं. तुम्हाला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात. ते डोक्यातून जावं म्हणून पुन्हा घेतली."

ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट मांडली. पहिला घोट आणि पूर्ण घसरण या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या दोहोंना जोडते ती माणसाची स्वतःबद्दलची समजूत: मी मोडलो, म्हणजे मी असाच. कंडक्टरांची पहिली क्वार्टर पोळ्याची होती, पुढच्या सगळ्या लाजेच्या. आणि ती लाज आम्हीही वाढवतो. इतके महिने सोबर म्हणून टाळ्या वाजवतो, पण घसरलेल्याने परत कसं यायचं, हे नीट शिकवत नाही. टाळ्या बंद करू नयेत. मात्र भरतीच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून लिहून घ्यावं, की घोट घेतलाच तर त्याच रात्री फोन कोणाला करायचा.

त्यांना डॉ. बॉब यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ॲक्रन गावचे हे शल्यविशारद. मे १९३५ मध्ये त्यांना बिल विल्सन भेटला, दारू सोडलेला आणि दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलण्यासाठी धडपडणारा. डॉ. बॉब यांनी सोडली, मग एका परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा भरपूर प्यायले. परत आल्यावर बिलने त्यांना सांभाळलं. १० जून १९३५ हा त्यांचा शेवटच्या दारूचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापनादिवस मानतात. घसरणीनंतरचा दिवस! कंडक्टर इतके दिवस मीटिंगला जातात, पण हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "आजच्या मीटिंगला हात वर करून सांगतो."

८ सप्टेंबर, सोमवार

दूधवाले आले, या वेळी स्वतःहून. श्रावणातलं ते बोलणं डोक्यातून जात नाही म्हणाले.

त्यांचं ऐकताना व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास मला राहून राहून आठवत होता. १९७१ च्या सुमाराची गोष्ट. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक जण अफूजन्य पदार्थांच्या, मुख्यतः हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे पाच टक्केच पुन्हा अडकले. बहुतेकांनी कुठे उपचारही घेतले नाहीत. जागा, माणसं, भीती, सगळंच मागे राहिलं होतं. आमच्या माणसाचं उलट असतं. आम्ही त्याला उपचारासाठी लांब आणतो आणि बरा करून त्याच गल्लीत, त्याच अड्ड्यासमोर नेऊन सोडतो.

म्हणून कोणी माळ घालून सुटतो, तेव्हा काही सहकाऱ्यांसारखी मी नाक मुरडत नाही. माझ्या ओळखीतले अनेक जण असे सुटले आहेत. तिन्हीसांजेला, नेमकी तलफेच्या वेळी, देवळात हरिपाठ असतो. बरोबर दहा माणसं असतात. आणि गळ्यातली माळ पाहून मित्र आग्रह करायचे थांबतात. कोणाला मीटिंगमधलं शेअरिंग लागतं, कोणाला गोळी, कोणाला आधी उदासीनतेवरचे उपचार हवे असतात, कारण दारू तीच झाकत असते. एकाला लागू पडलं ते दुसऱ्यावर लादलं, की दुसरा बाहेरच राहतो.

दूधवाल्यांना देवळात बसायचं नाही. "मला तिथं जीव घाबरतो," म्हणाले. ठीक आहे. त्यांची अडचण साधी आणि अवघड आहे: संध्याकाळचं दूध डेअरीवर घालायचा रस्ता अड्ड्यावरून जातो आणि डेअरीवर रोख पैसे मिळतात. संध्याकाळची खेप पुतण्याने करावी, पैसे वहिनींच्या खात्यात जावेत, आणि त्या दोन तासांत यांनी गोठ्याचं काम काढावं, असं तिघांनी मिळून ठरवलं. आधी डॉक्टर तपासतील. गुरुवारी कंडक्टर त्यांना मीटिंगला घेऊन जाणार आहेत, दोघांनाही त्याचा उपयोग होईल. पुतण्या अजून हो म्हणालेला नाही, त्याला खेपेमागे पैसे हवेत. किती द्यायचे यावर वहिनी आणि दूधवाले माझ्यासमोरच भांडले. उद्या सकाळी पुतण्याला फोन करते.